दिवस गेलेत आणि दाढ ठणकतेय : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

या महिन्यातल्या पत्रांत गरोदरपण आणि दात याच विषयाची पत्रं सर्वांत जास्त आली. सारख्या प्रश्नांना एकत्रच उत्तर दिलं आहे. उत्तरं दंतवैद्य आणि प्रसूतितज्ज्ञ यांनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न : मला पाचवा महिना चालू आहे. खालची उजवीकडची दाढ रात्री ठणकते, गरम चहा तर लागूच देत नाही. दातांच्या डॉक्टरांनी रूट कॅनाल सांगितलंय. आई आणि सासूबाई, दोघींचं म्हणणं, बाळंतपण होईपर्यंत कळ सोस. भुलीचं इंजेक्शन बाळाला बाधेल का?
— एक वाचक, इस्लामपूर

कळ सोसू नका. दाढ आपोआप रात्री ठणकते आणि गरम लागलं की कळ बराच वेळ राहते, याचा अर्थ कीड आतल्या नसेपर्यंत पोचली आहे. असा ठणका कधी कधी एकाएकी थांबतो आणि घरात सगळे सुटकेचा श्वास सोडतात. पण ती नस मेलेली असते आणि पुढे मुळाच्या टोकाशी पू धरून तोंड सुजतं, कधी कधी अगदी आठव्या-नवव्या महिन्यात. त्या वेळी खुर्चीत बसणंही जड जातं. पोटातल्या बाळाला खरा त्रास होतो तो वाढलेल्या संसर्गाचा, तापाचा, आईच्या उपाशीपणाचा आणि मेडिकलमधून न विचारता आणलेल्या गोळ्यांचा.

उपचाराला सर्वांत सोयीचा काळ साधारण १४ ते २८ आठवडे, म्हणजे तुमचा आत्ताचाच. मळमळ संपलेली असते आणि पोट अजून फार मोठं नसतं. 'सोयीचा' हा शब्द मुद्दाम वापरला आहे. पहिल्या किंवा शेवटच्या तीन महिन्यांत दाढ ठणकली तरी उपचार करायचेच असतात. फक्त जे थांबू शकतं ते पुढे ढकलतात. पहिल्या तीन महिन्यांत हात लावायला डॉक्टर बिचकतात त्याला आणखी एक कारण आहे. या काळात शंभरातल्या दहा ते वीस गर्भधारणा आपोआपच गळतात आणि आठवडाभर आधी दाढ भरली असेल तर खापर त्या उपचारावर फुटतं. अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ साली आपल्या डॉक्टरांना स्पष्ट कळवलं की दात भरणं, काढणं, रूट कॅनाल आणि त्यासाठीचे एक्स-रे गरोदरपणात सुरक्षित आहेत, आणि गरज असेल तर थांबू नका असं बायकांना सांगा.

आता भुलीबद्दल. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी २ टक्के लिग्नोकेन वापरतात, त्यात १:८०,००० किंवा १:२,००,००० या प्रमाणात ॲड्रेनलिन मिसळलेलं असतं. एका दाढेला साधारण २ मिलिलिटर लागतं, म्हणजे ४० मिलिग्रॅम लिग्नोकेन. ५५ किलो वजनाच्या बाईला, अगदी हात राखून हिशेब केला, तरी २४० मिलिग्रॅमपर्यंत चालतं. इस्रायलमध्ये गरोदरपणात अशी भूल घेतलेल्या २१० आणि न घेतलेल्या ७९४ बायकांची तुलना झाली, ती २०१५ साली प्रसिद्ध झाली. बाळांमधल्या जन्मजात दोषांत अर्थपूर्ण फरक आढळला नाही. 'ॲड्रेनलिन नसलेलं द्या' असा आग्रह काही जणी धरतात. त्यानं भूल लवकर उतरते, मध्येच दुखतं, आणि दुखल्यावर तुमचं शरीर स्वतःच इंजेक्शनातल्यापेक्षा जास्त ॲड्रेनलिन रक्तात सोडतं. बीपी वाढलेला असेल तर मात्र आधी सांगा, मात्रा बेतून देता येते. इंजेक्शन टोचल्यावर दट्ट्या किंचित मागे ओढून सुई रक्तवाहिनीत नाही ना, हे डॉक्टर बघतात. ते कुणालाही करायचंच असतं, गरोदर बाईला तर नक्कीच. प्रिलोकेन नावाची भूल मात्र टाळलेली बरी.

खुर्चीबद्दल डॉक्टरांनी विचारलं नाही तर तुम्ही सांगा. विसाव्या आठवड्यानंतर सरळ उताणं झोपलं की गर्भपिशवीचा भार पाठीच्या कण्यालगतच्या मोठ्या शिरेवर पडतो, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं आणि गरगरायला लागतं, घाम फुटतो, जीव घाबरतो. अनेकींना वाटतं इंजेक्शन बाधलं. उजव्या कुल्ल्याखाली घडी केलेला टॉवेल किंवा छोटी उशी, चार-पाच इंच उंचीची, ठेवायची म्हणजे अंग थोडं डावीकडे कलतं. खुर्ची पूर्ण आडवी करायची नाही. तरीही गरगरलं तर हात वर करा आणि सरळ डाव्या कुशीवर वळा. मिनिटभरात बरं वाटतं. वेळ सकाळी नाश्त्यानंतर तासाभरानं घ्या, उपाशी पोटी जाऊ नका, आधी लघवीला जाऊन या.

पहिल्या बैठकीत ठणका थांबवण्यापुरतं काम पुरतं : भूल, दाढेवर रबराचा पडदा, वरून छिद्र पाडून सुजलेली नस काढणं, बारीक फाईलनं मुळं साफ करणं, हायपोक्लोराइट या जंतुनाशकानं धुणं, आत कॅल्शियम हायड्रॉक्साइडचं औषध भरून वर कच्चं सिमेंट. अर्धा-पाऊण तास. मुळाची लांबी मोजायला अपेक्स लोकेटर असेल तर एक्स-रे कमी लागतात. 'पू वाहून जाऊ दे' म्हणून दाढ उघडी ठेवून घरी पाठवण्याची जुनी पद्धत काही ठिकाणी अजून दिसते. भाताची शितं अडकून तीच दाढ दुप्पट सुजते. उघडी ठेवू नका म्हणून सांगा.

आणि ही गोष्ट फार जणी विसरतात : सातवा लागला की माहेरी जायचं असतं, मग कच्च्या सिमेंटवर चार-चार महिने काढले जातात. ते सिमेंट तीन-चार आठवड्यांचं असतं. झिजून फट पडली की लाळ आणि जंतू आत, आणि सगळं मुसळ केरात. एकतर जाण्याआधी मुळं पूर्ण भरून घ्या, किंवा वरचं सिमेंट ग्लास आयनोमरचं, म्हणजे जास्त टिकणारं, करायला सांगा. एक्स-रेचा फोटो आणि कुठल्या मुळात काय भरलं हे लिहिलेली चिठ्ठी सोबत ठेवा. कॅप बाळंतपणानंतर बसली तरी चालेल, पण तोवर त्या बाजूनं चिक्की, सुपारी, कडक लाडू चावायचे नाहीत. पोकळ झालेली दाढ उभी चिरते आणि मग ती काढावीच लागते.

प्रश्न : अठ्ठाविसावा आठवडा. दाढदुखीसाठी मेडिकलवाल्यानं दोन प्रकारच्या गोळ्या दिल्या. एकीवर ॲसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल, दुसरीवर ओफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडॅझोल लिहिलंय. तीन दिवस घेतल्या. आता भीती वाटते.
— एक वाचक, अंबाजोगाई

दोन्ही बंद करा आणि तुमच्या प्रसूतितज्ज्ञांना स्ट्रिप दाखवा. घाबरून जाण्यासारखं बहुधा काही नसेल, पण तपासणी मात्र व्हायला हवी. ॲसिक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, केटोरोलॅक ही सगळी एकाच घराण्यातली औषधं. विसाव्या आठवड्यानंतर ती बाळाच्या मूत्रपिंडाचं काम मंदावतात. बाळाची लघवी म्हणजेच बरंचसं गर्भजल, त्यामुळे पाणी कमी होऊ शकतं. तिसाव्या आठवड्यानंतर आणखी एक धोका : बाळाच्या हृदयाजवळची एक वाहिनी जन्मानंतर मिटायची असते, ती आधीच आकसते. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं ऑक्टोबर २०२० मध्ये याचा इशारा दिला आणि अशी गोळी ४८ तासांपेक्षा जास्त घेतली गेली तर सोनोग्राफीत पाणी बघण्याचा विचार करावा, असंही सुचवलं. तुमचे तीन दिवस झाले आहेत, म्हणून सोनोग्राफीबद्दल विचारा. गोळी थांबली की पाणी बहुधा पूर्ववत होतं.

लक्षात ठेवा, कॉम्बिफ्लाममध्ये पॅरासिटामॉलच्या जोडीला आयब्युप्रोफेन असतं. आणि जिभेवर किंवा पाण्यात विरघळणारी, 'दाढेला लगेच उतार' म्हणून घरोघरी ठेवलेली गोळी बहुतेकदा केटोरोलॅकची असते. स्ट्रिपच्या मागची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय गोळी तोंडात टाकायची नाही.

चालणारी गोळी म्हणजे नुसतं पॅरासिटामॉल. ५०० किंवा ६५० मिलिग्रॅम, दोन गोळ्यांच्या मध्ये सहा तासांचं अंतर, चोवीस तासांत ३ ग्रॅमच्या वर नाही, आणि लागेल तेवढेच दिवस. यकृताचा आजार असेल तर आधी विचारा. सर्दीच्या गोळीतही तेच असतं, ते हिशेबात धरा.

ओफ्लॉक्सासिन-सिप्रोफ्लॉक्सासिन गरोदरपणात टाळतात. डॉक्सिसायक्लिन आणि टेट्रासायक्लिन तर नकोच. बाळाच्या दुधाच्या दातांत खनिज भरायला पोटातच, चौथ्या महिन्यापासून सुरुवात होते आणि ही औषधं त्यात बसून दात कायमचे पिवळट-तपकिरी करतात. सूज-पू असेल तेव्हा ॲमॉक्सिसिलिन ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा हा नेहमीचा पर्याय. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर क्लिंडामायसिन किंवा ॲझिथ्रोमायसिन. गरज पडली तर जोडीला मेट्रोनिडॅझोल, जे पहिल्या तीन महिन्यांत अनेक डॉक्टर टाळतात. हे डॉक्टरांनी लिहून द्यायचं आहे. शिवाय नुसत्या ठणक्याला, सूज-ताप नसताना, अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही. मेलेल्या नसेत रक्तच जात नाही, मग औषध तिथे पोचणार कसं?

काहींना प्रसूतितज्ज्ञांनी ७५ किंवा १५० मिलिग्रॅमची ॲस्पिरिन चालू केलेली असते, गरोदरपणातला बीपी टाळायला. दात काढायचा म्हणून ती मनानं बंद करू नका. कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट दाबून धरला की रक्त थांबतं. पोटात रक्त पातळ करणारं इंजेक्शन घेत असाल तर मात्र दोन्ही डॉक्टरांना वेळ आपसात ठरवू द्या.

प्रश्न : पाळी चुकल्याचं लक्षात यायच्या आधी दातांचे दोन एक्स-रे काढले गेले. गर्भ ठेवावा की नाही, असं घरात बोललं जातंय.
— एक वाचक, बेळगाव

ठेवावा. यात विचार करण्यासारखंही काही नाही. दातांच्या छोट्या एक्स-रेमधून अंगाला मिळणारा किरणोत्सर्ग ५ मायक्रोसिव्हर्टच्या आसपास असतो. माती, हवा, अन्न आणि आकाशातून आपल्याला रोज जवळपास तेवढाच मिळत असतो. बाळापर्यंत पोचतो तो ०.०१ मिलिग्रेहूनही कमी (मिलिग्रे म्हणजे शरीरात शोषल्या गेलेल्या किरणांचं माप), आणि बाळात दोष निर्माण होण्याचा प्रश्न ५० मिलिग्रेच्या खाली येतच नाही. शिशाचा एप्रन दिला तर घाला. न दिल्यास भांडू नका. २०२४ साली अमेरिकन डेंटल असोसिएशननंच तो आवश्यक नसल्याचं सांगितलं, कारण किरणांचा झोत दातापुरताच आवळलेला असतो. फक्त 'कदाचित दिवस गेले असतील' हे काढण्याआधी सांगायचं, म्हणजे अनावश्यक फोटो टळतो.

प्रश्न : ब्रश केला की हिरड्यांतून रक्त येतं. वरच्या पुढच्या दोन दातांमध्ये लाल, वाटाण्याएवढी गाठ आली आहे. कॅन्सर तर नाही ना? सहावा महिना आहे.
— एक वाचक, फोंडा, गोवा

असा लाल, मऊ, हात लावताच रक्त येणारा गोळा, तोही सहाव्या महिन्यात आणि पुढच्या दातांत, बहुधा गरोदरपणातली हिरडीची गाठ असते. कॅन्सर नव्हे. तरी एकदा दाखवून घ्या. वाढलेल्या प्रोजेस्टेरॉनमुळे हिरडीतल्या रक्तवाहिन्या फुगतात आणि एरवी खपून गेलेल्या किटणावरही हिरडी भडकते. त्यात एखाद्या जागी किटणाचा खडा सतत टोचत असला की तिथे गाठ उठते. बाळंतपणानंतर ती बहुतेकींची आक्रसून जाते. दातांखाली चावली जात असेल किंवा रक्त थांबत नसेल तरच आत्ता काढतात. आत्ता काढलेली पुन्हा उगवण्याची शक्यता असते.

रक्त येतं म्हणून ब्रश बंद करणं हीच खरी चूक. किटण साचतं, रक्त वाढतं. मऊ ब्रश, हिरडीशी तिरका, दिवसातून दोनदा, आणि दातांच्या फटीत दोरा. दात मशीननं साफ करून घ्या. कुठल्याही महिन्यात चालतं. 'मशीननं दात हलतात' ही तक्रार येते, पण आधीच हललेल्या दातांना किटणानं धरून ठेवलेलं असतं, एवढंच. डॉक्टरांनी क्लोरहेक्सिडीनचं चूळ भरायचं औषध दिलं तर अल्कोहोल नसलेलं घ्या, १० मिलिलिटर, अर्धा-एक मिनिट, पेस्टनंतर अर्ध्या तासानं, आणि दोन आठवड्यांच्या वर नको. दातांवर तपकिरी डाग पडतात, चहा पिणारीला जास्त.

एक गोष्ट सरळ सांगायला हवी. हिरड्यांचा जुना आजार आणि वेळेआधी प्रसूती यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला, पण २००६ साली अमेरिकेत ८२३ गरोदर बायकांवर झालेल्या मोठ्या चाचणीत हिरड्या साफ केल्यानं वेळेआधीच्या प्रसूती कमी झाल्या नाहीत. उपचार सुरक्षित ठरले आणि हिरड्या सुधारल्या. म्हणून दात साफ करा ते तुमच्या हिरड्यांसाठी. 'नाहीतर बाळ लवकर होईल' अशी भीती घालून कुणी महागडं पॅकेज गळ्यात मारत असेल तर घेऊ नका.

प्रश्न : मी आशा सेविका आहे. आमच्या वाडीतल्या गरोदर बायका मशेरी लावतात. म्हणतात, दात दुखायचा थांबतो आणि पोटही साफ होतं. काय सांगू?
— एक वाचक, पाटण तालुका

दुखणं दबतं, कारण मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू आणि तंबाखूतलं निकोटिन हिरडीला बधिर करतं. कीड आत चालूच राहते. निकोटिन हिरडीतून थेट रक्तात आणि वारेतून बाळाकडे जातं. मुंबईत १,२१७ बायकांचा अभ्यास झाला, तो २००४ साली प्रसिद्ध झाला : तंबाखू-मशेरी वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी होती, आणि वेळेआधी प्रसूतीचं प्रमाणही जास्त होतं. हा १०५ ग्रॅमचा आकडा वजनकाट्यापाशी सांगा, तिथे तो पटतो. दंतमंजनात तंबाखू घालायला आपल्या देशात १९९२ पासून बंदी आहे, हेही सांगा. अनेकींना मशेरी म्हणजे मंजनच वाटतं.

सोडवताना सकाळची वेळ आधी धरा, कारण लत तिथे असते. उठल्याबरोबर चूळ, फ्लोराइडची पेस्ट, लगेच काहीतरी खाणं. पोट साफ होण्यासाठी कोमट पाणी, भाजी, भिजवलेले मनुके. तंबाखूच्या पुडीवर छापलेला १८००-११-२३५६ हा नंबर फुकट आहे आणि तिथे समुपदेशक बोलतात. दुखणाऱ्या दाताचं मात्र लगेच बघायला हवं, नाहीतर मशेरी परत येते. ९ तारखेच्या सुरक्षित मातृत्व तपासणीला ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात जाणं होतंच. तिथे दंतवैद्य असतील तर त्याच फेरीत दाखवून घ्या.

प्रश्न : तिसरा महिना, दिवसातून चार-पाच उलट्या. पेस्ट तोंडात घातली की उमळतं. दात आंबल्यासारखे झालेत.
— एक वाचक, नाशिक

उलटीनंतर लगेच ब्रश करू नका. जठरातल्या आम्लानं दाताचा वरचा थर तेवढ्यापुरता मऊ पडलेला असतो, ब्रश त्याला खरवडून काढतो. कपभर पाण्यात एक चमचा खाण्याचा सोडा घालून चूळ भरा आणि थुंका. धुण्याचा सोडा नव्हे! ब्रश तासाभरानं. पेस्टचा वासच नको असेल तर लहान मुलांच्या छोट्या डोक्याचा ब्रश घ्या, मान पुढे झुकवा, सौम्य वासाची पेस्ट वाटाण्याएवढी, आणि सकाळचा हट्ट सोडून ज्या वेळी मळमळ कमी असते तेव्हा घासा. पेस्टमध्ये फ्लोराइड किमान १००० पीपीएम हवं. अनेक 'आयुर्वेदिक' पेस्टींत ते नसतंच. चिंच-कैरीचे डोहाळे पुरवा, पण दिवसभर चघळत बसू नका, एकदाच खाऊन चूळ भरा.

प्रश्न : सुनेच्या दाढा किडल्यात. बाळ आईच्या दातांतलं कॅल्शियम ओढून घेतं ना? गोळ्या वाढवाव्यात का?
— एक आजी, जळगाव

नाही आजी, दातातलं कॅल्शियम परत रक्तात येत नाही. बाळाला ते आईच्या आहारातून मिळतं, कमी पडलं तर हाडांतून जातं. किडतात ते उलट्या, सारखं थोडं थोडं गोड खाणं आणि ब्रशचा कंटाळा यामुळे. सरकारी दवाखान्यातून मिळणारी ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा पुरे, जास्त नको. लोहाची गोळी आणि ही गोळी एकदम देऊ नका, दोन तासांचं अंतर हवं.

प्रश्न : बायकोला आठवा महिना. अक्कलदाढेजवळ सूज आहे, तोंड उघडत नाही. बाळंतपण होईपर्यंत थांबावं का?
— एक वाचक, पिंपरी

अर्धवट वर आलेल्या अक्कलदाढेवरच्या हिरडीखाली अन्न साचून सूज आली असेल तर दंतवैद्य ती जागा मिठाच्या पाण्यानं आतून धुतात, लागलं तर अँटिबायोटिक देतात आणि हाड कापून दाढ काढण्याचं काम बाळंतपणानंतर ठेवतात. पण सूज जबड्याच्या खाली मानेकडे उतरली असेल, थुंकी गिळताना दुखत असेल, जीभ वर उचलल्यासारखी वाटत असेल, ताप असेल किंवा श्वास जड होत असेल, तर आजच, अगदी रात्रीही, भरतीची सोय आणि प्रसूती विभाग असलेल्या मोठ्या रुग्णालयात न्या. श्वासाची वाट बंद होऊ शकते. तोंड नीट उघडत नाही हे तुम्ही लिहिलंय, तेव्हा पत्राच्या उत्तराची वाट न बघता दाखवून घेतलं असेल अशी आशा आहे.

प्रश्न : बाळ वीस दिवसांचं आहे, अंगावर पितं. दाढ काढायची तर दूध किती दिवस बंद ठेवायचं?
— एक वाचक, चिपळूण

एकही वेळ नाही. लिग्नोकेन, पॅरासिटामॉल, ॲमॉक्सिसिलिन दुधात नगण्य उतरतात, आणि आता आयब्युप्रोफेनही चालतं. कोडीन आणि ट्रॅमाडॉल असलेल्या वेदनाशामक गोळ्या नको. त्यांनी बाळ सुस्तावतं, श्वास मंदावू शकतो. बाळाला पाजून मग खुर्चीत बसा, म्हणजे पुढच्या पाजण्यापर्यंत दोन-तीन तास मिळतात. सव्वा महिना बाहेर पडायचं नाही म्हणून दाढ तशीच ठेवू नका. गार पाणी नको असं घरचे म्हणत असतील तर कोमट पाण्यानं दात घासा, पण घासा; डिंकाचे नि अळिवाचे लाडू दाढेच्या खाचेत चिकटून बसतात. दाढ काढल्यावर पहिले २४ तास खळखळून चुळा नकोत, रक्ताची गाठ निघून जागा कोरडी पडते आणि तिसऱ्या दिवशी मूळ दुखण्याहून जास्त ठणकतं. नंतर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, जेवणानंतर दर वेळी.